किती गावतले?

आमच्या घरात चोर शिरला तर त्याने नेमकं काय न्यावं, असा प्रश्न सौभाग्यवतीने एकदा जेवताना काढला. सोनं लॉकरात, टीव्ही मुलाच्या बारशाच्या वेळचा, आणि मिक्सर चालू करायलाच दोन माणसं लागतात. राहता राहिला माझा डबा. पूर्वी त्यात बिस्किटं होती. आता त्याचं वजन चार किलो भरतं आणि हलवला तर आत एखाद्या संस्थानाचा खजिना असावा असा आवाज येतो. सौ. म्हणाली, "चोर तोच नेणार. पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात जाणार, एखाद्या माडाखाली बसून झाकण उघडणार, आणि तिसऱ्या दिवशी तुमचा डबा पार्सलने परत. वर टपालखर्चाची मागणी."

यात अतिशयोक्ती असलीच तर एवढीच, की चोर टपालखर्च मागणार नाही. दयेपोटी तो स्वतःच भरील.

मी जमवतो त्या वस्तू नाण्यासारख्या दिसतात, पण नाणी नसतात. वाटोळी, दोन्ही बाजूंना काहीतरी छापलेली, आणि बांद्याच्या आठवड्याच्या बाजारात जिच्या बदल्यात कोणी सुकी मिरचीसुद्धा देणार नाही अशी कुठलीही चीज माझ्या डब्याला चालते. सायकलच्या कराचा बिल्ला, कुत्र्याच्या परवान्याचा बिल्ला (कुत्रा निवर्तला), मुंबईच्या एका गिरणीच्या कँटीनचं चहाचं टोकन (गिरणीही निवर्तली), हमालाचा पितळी नंबर, शाळेच्या शर्यतीतलं तिसऱ्या क्रमांकाचं पदक (माझं नव्हे, मी चौथा होतो). मुंबईच्या मेट्रोचं प्लास्टिकचं टोकनही आहे. ते उतरताना यंत्राच्या तोंडात टाकायचं असे. मी दोन विकत घेतली आणि एकच टाकलं. बँकेतला माणूस आहे, हिशेब चुकता ठेवतो.

खरं म्हणजे मी बी. कॉम. आहे. ज्याला किंमत नाही ते जमेला धरायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. त्यामुळे माझा डबा बघायला येणारे लोक आधी डब्याकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग एकच प्रश्न विचारतात.

"ह्येचे किती गावतले?"

म्हणजे, याचे किती पैसे मिळतील? हा प्रश्न मला न्हाव्याने वस्तरा गळ्यावर असताना विचारला आहे. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी इंग्रजीत विचारला आहे. मुंबईचे मेहुणे आल्याबरोबर विचारतात आणि जाताना पुन्हा विचारतात. मधल्या चार दिवसांत भाव वाढला असेल तर माहीत असावं म्हणून. आजवर मी हसून वेळ मारून नेत होतो. आता चाळिशी उलटून गेली आहे, साखर निघाली आहे, हसण्याने भागत नाही. म्हणून वाचकहो, या प्रश्नाशी मी आज उघड उघड भांडायचं ठरवलं आहे. हा प्रश्न मला मूर्ख ठरवतो म्हणून नव्हे. ते काम घरात होतं. या प्रश्नाने माणसांचं नुकसान होतं, आणि ते मी काउंटरच्या अलीकडे बसून डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सुरुवात आमच्याच घरच्या पापापासून करतो.

मी २००४ साली बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत पितळी टोकनांचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं. तरुण वाचकांना सांगायला हवं. तुम्ही चेक दिलात की कारकून त्याच्या मागे एक नंबर लिहायचा आणि त्याच नंबरचं पितळी टोकन तुमच्या हातात ठेवायचा. मग चेक आतल्या आत लेजर, पासिंग ऑफिसर अशी चारी धाम यात्रा करत कॅशियरच्या जाळीआड पोचायचा. तोवर तुम्ही बाकावर बसून टोकन तळहातावर उलटंसुलटं करायचं. अखेर जाळीआडून आकाशवाणी व्हायची, "सदतीस!" आणि सदतीस नंबरचा माणूस असा उठायचा की जणू त्याला पद्मश्री जाहीर झाली आहे.

ते टोकन म्हणजे काय होतं? पैसे नव्हते. 'तुझे पैसे आमच्याकडे आहेत आणि तुझी पाळी येणार आहे' एवढा शब्द होता, पितळेत ओतलेला. तीनशे कलमांचा बागायतदार आणि त्याच्याच बागेत नारळ पाडणारा गडी शेजारी शेजारी बसायचे, आणि दोघांच्या हातात एकाच वजनाचं पितळ असायचं. बायका ते पदराच्या गाठीत बांधायच्या. एक आजोबा तर टोकन घेऊन घरीच गेले होते. दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला तर म्हणाले, "पैसे थंयच ऱ्हवांदेत, ह्या बरा असा." बँकिंगवरचा इतका निखळ विश्वास मी पुढे कुठल्याही परिपत्रकात वाचला नाही.

मग संगणक आला, आणि मी कारकुनाचा 'सिंगल विंडो ऑपरेटर' झालो. (पगार तोच.) टोकनांची पिशवी काही वर्षं स्टेशनरीच्या कपाटात पडून होती. एके दिवशी भंगारवाला आला आणि आमच्या शाखेतल्या जुन्या पंख्याबरोबर ती पितळेच्या भावाने तराजूत गेली. किती आले, तेवढं व्हाउचरवर आलं. हजारो तळहातांनी घासून गुळगुळीत केलेली ती टोकनं कुठल्या शाखेची, कुठल्या सालची, याचा एका ओळीचाही कागद कोणी केला नाही. मी एक मागितलं. साहेब म्हणाले, "देतो, पण जमा कुठे धरायचं?" तासभर चर्चा झाली. शेवटी 'किरकोळ उत्पन्न' या खात्यात अकरा रुपये भरून मी सदतीस नंबर सोडवून आणला. पावती डब्यात आहे.

आता कोणी म्हणेल, भंगार ते भंगार, त्याला इतिहास कसला? तर ऐका. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या शेवटी सरकारी टांकसाळीला तांब्याचे सुटे पैसे पाडायची इच्छाच नव्हती. मजुरांना आठवड्याचा पगार द्यायचा कशात? १७८७ साली अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीने आपल्याच खाणीच्या तांब्यातून आपलीच टोकनं पाडली, एका बाजूला दाढीवाला ड्रुइड पुजारी बसवून. तिचं पाहून पुढच्या दहा वर्षांत गावोगावचे व्यापारी, दुकानदार टोकनं काढू लागले. त्या चकत्यांवर राजाचा मुखडा नव्हता. माग होते, जहाजं होती, चर्चं होती, दुकानाचा पत्ता होता. त्या काळचं इंग्लंड कसं चालत होतं हे आज त्या टोकनांवरून वाचता येतं.

आपल्याकडेही सुट्या पैशांचा दुष्काळ पडला. पंचवीस पैसे ३० जून २०११पासून चलनातून गेले, पण सुटे त्याच्या कितीतरी आधीच गायब झाले होते. आपल्या दुकानदारांनी काय केलं? टॉफी दिली. टॉफीचा संग्रह फक्त मुंग्या करतात. तेव्हा ज्या थोड्या ठिकाणी, गिरण्यांत, कँटीनमध्ये, बँकांत, धातूची टोकनं निघाली, तीही आपण किलोवर घालावीत हे मला तरी कपाळकरंटेपणाचं वाटतं. राजांनी आपापली नाणी पाडून स्वतःची सोय बघून ठेवली आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाण्यानोटांचं संग्रहालय आहे. राजाला वाली आहे. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाची खूण मात्र टोकनावरच राहते.

असो. हे झालं बेफिकिरीचं पाप. आता लोभाचं ऐका.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मीही तेवढंच म्हणतो. त्यांच्या देवघरात आईच्या वेळपासून एक तांब्याची चकती होती. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, पायाशी मारुती. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'ईस्ट इंडिया कंपनी', 'यूकेएल वन आना' आणि '१८१८'. आई रोज तिला हळदकुंकू लावायची, पुढे गुरुजी लावायचे. एक दिवस त्यांच्या फोनवर कोणीतरी असल्याच चकतीचा फोटो पाठवला. खाली किंमत लिहिली होती: नऊ लाख.

गुरुजी संध्याकाळी आमच्याकडे आले ते दबक्या आवाजातच. मी डबा काढला, माझ्याकडच्या तसल्याच तीन चकत्या पुढे ठेवल्या. ते म्हणाले, "म्हणजे तुझ्याकडे सत्तावीस लाख आहेत?" सौ. स्वयंपाकघरातून डोकावली. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण तिने माझ्याकडे त्या नजरेने पहिल्यांदाच पाहिलं.

मी समजावून सांगू लागलो. कंपनी सरकार व्यापारी. १८१८ म्हणजे पेशवाई बुडवली ते साल. त्या सालात तिने मारुतीरायाला नाण्यावर बसवलं असतं का? कंपनीने १८३५च्या कायद्याने देशभर एकसारखी नाणी सुरू केली, त्यात तांब्याचा पाव आणा होता, अर्धा आणा होता. ब्रिटिश हिंदुस्थानचं एक आण्याचं नाणं आलं १९०७ साली, तेही निकेल मिसळलेलं, नागमोडी कडेचं. तोवर कंपनी बुडून अर्धशतक होत आलं होतं. आणि 'यूकेएल' म्हणजे काय हे कंपनीलाही सांगता आलं नसतं. ही मुळात रामटंकेच्या जातीची चीज, देवघरात ठेवायची श्रद्धेची चकती, मागाहून कोणीतरी पाडलेली. चलनात ती कधीच नव्हती.

"जळतोस," गुरुजी म्हणाले.

पुढे पलीकडच्या माणसाने परीक्षा सांगितली: नाणं अस्सल असेल तर तांदूळ ओढून घेतं. या 'तांदूळ ओढणाऱ्या' तांब्याच्या नावाखाली देशात कितीतरी लोक फसले आहेत. गुरुजींनी ताटात उकडे तांदूळ पसरले, मध्ये रामराया ठेवले आणि अर्धा तास बघत बसले. एक दाणा हलला नाही. म्हणाले, "उकडो तांदूळ जड पडता. सुरय घेऊन बघतंय." माणूस विज्ञान शिकवत असे, बरं का. तेहेतीस वर्षं.

दोन हजार शंभर रुपये 'नोंदणी फी' त्यांनी फोनवरूनच पाठवली होती. दुसरा हप्ता साडेअठरा हजारांचा. तो भरायला ते माझ्याच खिडकीशी आले. मी सांगितलं, खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर केलं आहे की जुन्या नोटानाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही, आपलं नाव घेऊन कोणी फी मागितली तर देऊ नका. गुरुजी म्हणाले, "तुम्ही बँकवाले असंच म्हणणार. स्लिप घे." मी स्लिप घेतली. आणि देव आहे वाचकहो, त्या क्षणी आमची लिंक गेली! एरवी लिंक गेली की लोक आमचा उद्धार करतात. त्या दिवशी तिने उद्धार केला.

तीन तास गुरुजी बाकावर बसले. करायला काही नाही म्हणून पलीकडच्याने पाठवलेलं 'रिझर्व्ह बँकेचं पत्र' पुन्हा वाचू लागले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडून लाल पेन मागून घेतलं. त्या पत्रात 'रिझर्व्ह' हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला होता, आणि 'अभिनंदन'ला पहिली वेलांटी चक्क दीर्घ होती. गुरुजी उठले, स्लिप परत मागितली आणि फाडली. माझा सगळा इतिहास एका वेलांटीपुढे कमी पडला.

पण गोष्ट इथे संपत नाही. घरी जाऊन त्यांनी ती चकती देवघरातून उचलली आणि माझ्या दारात आणून टाकली. "घे, तुझ्या भंगारात. खोटी निघाली." मी म्हटलं, गुरुजी, ती खोटी नाही, तिच्यावर लादलेली गोष्ट खोटी. ते वळूनसुद्धा न बघता निघून गेले. दोन हजार शंभर गेले त्याचं मला इतकं वाटत नाही. साडेअठरा हजार तरी वाचले. पण आईने चाळीस वर्षं जिला हळदकुंकू लावलं, ती चकती नऊ लाखांची नाही म्हणून देवघरातून हद्दपार झाली. तोवर ती अनमोल होती, कारण तिचा भाव कोणीच विचारला नव्हता.

आमच्या शाखेत सोनेतारण होतं, तिथेही हाच तराजू. एखादी वहिनी डोळे पुसत पुतळ्यांची माळ काढून ठेवते. मूल्यांकन करणारा सराफ घासून, तोलून ग्रॅम सांगतो, मी फॉर्म भरतो. त्या फॉर्मात 'वस्तूचे वर्णन' म्हणून रकाना आहे. त्यात आम्ही 'माळ १' लिहितो. आता पुतळी मुळात काय आहे? इटलीतल्या व्हेनिस नगरीचं सोन्याचं नाणं, डुकाट. १२८४पासून १७९७पर्यंत, पाचशेवर वर्षं त्यावरचं चित्र बदललं नाही: एका बाजूला सेंट मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वेढ्यात ख्रिस्त. मसाल्याच्या व्यापारात ती नाणी इकडे आली, आणि आपल्या बायकांनी त्यावरच्या बाहुल्या पाहून त्यांना पुतळ्या केलं, गळ्यात घातलं. पुढे आपल्या सोनारांनी त्यांच्या नकला पाडल्या. साडेतीन ग्रॅमच्या आसपासच्या त्या चकतीवर तो राज्यप्रमुख अजून आमच्या वहिनीच्या गळ्याशी गुडघे टेकून बसलेला असतो, आणि आम्ही लिहितो, 'माळ १'.

पदकांचं तर विचारूच नका. आपल्या मुलखातून घरटी माणसं पलटणीत गेली. पहिल्या महायुद्धानंतर शिपायांना चांदीचं एक पदक मिळालं, जवळपास अडीच तोळ्यांचं. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. माणूस वाचायचा तो कडेवर. पण सराफाचा तराजू कड वाचत नाही. १९८०च्या जानेवारीत चांदीचा भाव आकाशाला भिडला तेव्हा जगभर अशी कितीतरी पदकं आटली. नाव वितळायला फार उष्णता लागत नाही.

एवढं सगळं मी तावातावाने लिहितो आहे खरा, पण आता जे सांगणार आहे त्यात माझाच पाय घसरला आहे. ते सांगितलं नाही तर हे भांडण एकतर्फी होईल.

दोन वर्षांमागे, मे महिन्यात, पेन्शन न्यायला येणारी एक आजी खिडकीशी आली. ऐंशीच्या पुढची. पिशवीतून तिने एक काळपट, जड, वीतभर नाही पण चांगली बारा सेंटिमीटर रुंद चकती काढून काउंटरवर ठेवली. "तू असला काय काय घेतंस म्हणतत. तांदळाच्या गाडग्यार झाकण होता. ह्येचे किती गावतले?"

मी बघतच राहिलो. हातात शंख-चक्राऐवजी हार घेतलेली ब्रिटानिया, पायाशी सिंह, दोन डॉल्फिन मासे. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने पाठवलेली काशाची चकती. तेरा लाखांवर घरांत ती गेली. तिकडच्या लोकांनी तिला कडवट नाव ठेवलं, 'डेड मॅन्स पेनी', मेलेल्याचा पैसा. हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार त्या युद्धात गेले. कडेने इंग्रजीत लिहिलेलं असतं, 'तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला'. कोणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते लिहायला जागा उरली नसावी.

आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार कुठला आला असेल? हिंदी शिपायाची अशी चकती सहसा हाती लागत नाही. परदेशात याला किती येतील? इथे किती द्यावे लागतील? मी आकडा मांडला. मी! प्रश्न तोच, फक्त शुद्ध मराठीत.

वेळ काढायला म्हणून विचारलं, "आजी, पैसे कशाला हवेत?"

"पावस इलो. कौला परतूची आसत."

झालं. माझ्या सगळ्या व्याख्यानाचा फुगा फुटला. तिचं 'किती' लोभाचं नव्हतं. डोक्यावर छप्पर हवं असलेल्या माणसाने किंमत विचारायची नाही तर कोणी विचारायची? मी खरं ते सांगितलं: कौलं परतून होतील आणि वर थोडे उरतील इतके येतील. मग न राहवून म्हटलं, "पण ही कोणाची ते ठाऊक आहे?"

"आजेसासऱ्याचो धाकटो भाव. लढायेक बसऱ्याक गेलो तो इलोच नाय. लगीन नाय, पोरटोर नाय. नाव कोणाक म्हायत नाय. म्हाळाक भटजी नाव इचारतत, आमी सांगताव, लढायेतलो."

चकतीवर नाव असतं. हुद्दा नसतो, मुद्दाम ठेवलेला नाही, मरणात साहेब आणि शिपाई सारखे म्हणून. मी बोटाने काजळी पुसली आणि वाचलं. चार पिढ्या ते नाव रोज तांदूळ काढताना त्यांच्या हाताखालून जात होतं. इंग्रजीत होतं, म्हणून कोणी वाचलं नव्हतं. आजी म्हणाली, "परत एकदा वाच." मी परत वाचलं. मागे रांग होती. त्या दिवशी रांगेतलं कोणी बोललं नाही. "मराठीत लिवन दी." मी पैसे काढायच्या स्लिपच्या मागे मोठ्या अक्षरांत नाव लिहून दिलं. तिने स्लिप चकतीवर ठेवली, दोन्ही पदरात बांधलं, आणि पुन्हा किंमत न विचारता निघून गेली. ते नाव मी इथे देत नाही. ते त्या घरचं आहे.

बसऱ्याला त्या युद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे. त्याच्या भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांच्या पलटणीपुढे मात्र नुसता आकडा. अशी लाखभर माणसं नावाविना राहिली किंवा मुळी नोंदलीच गेली नाहीत, हे त्या स्मारकांचं काम पाहणाऱ्या आयोगाने स्वतःच एप्रिल २०२१मध्ये कबूल केलं. साहेबाला नाव आणि शिपायाला टोकन नंबर. फरक इतकाच की आमच्या बँकेत नंबर पुकारल्यावर माणूस उठून यायचा.

त्या पावसात आजीच्या पडवीवर निळी ताडपत्री होती. मी रस्त्यावरून जाताना ती बघत होतो. मी गप्प राहून चकती विकत घेतली असती तर तिथे कौलं असती. हा हिशेब मला आजतागायत जुळवता आलेला नाही, आणि जुळल्याचं दाखवावं अशी माझी इच्छाही नाही. भाद्रपदात म्हाळ झाला तेव्हा भटजींनी नाव घेतलं, असं तिने मला खिडकीशी येऊन सांगितलं. मग म्हणाली, "ता आता देवाकडे ठेवलंय. तांदळार दुसरा झाकण बघ माका." सौ.ने स्टीलचं झाकण काढून दिलं. म्हणाली, "या घरातून एखादी वाटोळी वस्तू बाहेर जाते आहे, हे बघायला मी जगले."

तेव्हा माझं भांडण किंमत विचारण्याशी नाही. पोटासाठी विकावं लागलं तर विकावं. माझं भांडण आहे ते आधी किंमत विचारण्याशी. कृपा करून घरातल्या गाडग्यांवरची झाकणं, देवघरातल्या चकत्या, ट्रंकेच्या तळाची पदकं एकदा उजेडात आणा. चिंच लावून घासू नका, अक्षरं जातात. भिंग घ्या, कड वाचा. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस असेल त्याला विचारा, हे कोणाचं? आणि सांगेल ते कागदावर लिहून ठेवा. मग काय भाव विचारायचा तो विचारा.

गुरुजींनाही मी हे वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि जाताना, "ती आईची चकती दे बघू," म्हणाले. दिली. आता डब्यात तसल्या तीनच आहेत; म्हणजे माझे सत्तावीस लाख शाबूत आहेत.

डब्यातल्या प्रत्येक वस्तूबरोबर आता एक चिठ्ठी आहे: कोणाची, कुठली, कशी आली. चोरमहाराज, आलात तर डबा खुशाल न्या. फक्त माडाखाली बसून उघडाल तेव्हा चिठ्ठ्या वाऱ्याने उडू देऊ नका. टपालखर्च मी भरीन.